पाठकोरे

आमच्या घरात कोरा कागद असा कधी नव्हताच. होते ते पाठकोरे. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. हंगाम संपला, हिशेब मिटले, की वजनाच्या याद्यांच्या जादा प्रती रद्दीत निघायच्या. त्यातला एखादा गठ्ठा अण्णा सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून घरी आणत. घड्याघड्यांचा लांबच लांब कागद. एका बाजूला फिकट हिरवे पट्टे, त्यावर बारीक ठिपक्यांनी छापलेले गाडीनंबर, गट, शेतकऱ्याचं नाव, टनेज. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या. त्या पट्ट्या मी आणि भाऊ सोलून काढायचो आणि एकीवर एक घडी घालून त्यांची स्प्रिंग करायचो. उरलेल्या कागदाची पाठ माझी.

त्या पाठीला एक खोड होती. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सुया कागदावर आपटतात. पुढून अक्षर उमटतं आणि मागून कागद किंचित फुगतो. बोटाला जेमतेम कळेल इतकाच. पण पेन्सिल आडवी धरून छटा द्यायला गेलं, की ते फुगवटे शिसं जास्त पकडायचे आणि चित्रातून आकडे वर यायचे, तेही उलटे. लक्ष्मीच्या गालावर कुणाचा तरी सतरा टन ऊस. शिवाजी महाराजांच्या जिरेटोपात ट्रॅक्टरचा नंबर. मी चिडून खोडायची, आकडे आणखी गडद व्हायचे. चांगला कागद मिळाला असता तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

माझा हात चांगला आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. चित्र काढणाऱ्या पोरांबद्दल आमच्याकडे असंच बोलतात, 'हात चांगला आहे'. डोळ्यांबद्दल कुणी बोलत नाही. कॅलेंडरवरचं चित्र समोर ठेवून मी हुबेहूब उतरवायची, आणि 'हुबेहूब' याच्यावरचा शब्द आमच्या गावात नव्हता. शाळेतला सुविचाराचा फळा माझा, सव्वीस जानेवारीची रांगोळी माझी, गॅदरिंगचा पडदा माझा.

मग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षा महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी दिल्या असतील! घामेजल्या हातांनी धरलेला ड्रॉइंग बोर्ड, चिमट्यात अडकवलेला कागद, पाण्याचा डबा कलंडेल ही धास्ती. त्यात एक पेपर असतो स्मरणचित्राचा. पाहिलेलं आठवून काढायचं, असा त्याचा साधा अर्थ. आम्ही मात्र वेगळंच आठवत होतो. तीन माणसं पाठ करून ठेवायची: एक पाठमोरी बाई, एक टोपीवाला म्हातारा, एक हात उंचावलेला मुलगा. 'भाजी मंडई' आली तर बाईच्या हातात पिशवी, 'पाणवठा' आला तर डोक्यावर घागर, 'होळी' आली तर मुलाच्या हातात पिचकारी. पाठमोरी बाई का, तर तोंड काढावं लागत नाही. आमच्या घरापासून शंभर पावलांवर बुधवारचा बाजार भरायचा. तो आठवून बघावा असं पेपर लिहिताना मला एकदाही सुचलं नाही. दोन्ही परीक्षांत 'अ' श्रेणी मिळाली.

या 'अ' श्रेणीच्या बळावर मी कोल्हापुरात फाउंडेशनच्या वर्गाला गेले. कोल्हापुरात 'पेंटर' हे आडनावासारखं लागतं. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले दोघे आजही पेंटर म्हणूनच ओळखले जातात. त्यातल्या बाबूरावांनी तर कॅमेरा घरी घडवून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. अशा गावात माझा चांगला हात घेऊन मी एका सकाळी स्टिल लाइफच्या वर्गात जाऊन बसले.

समोर मातीचा माठ, पितळी तांब्या, दोन वांगी आणि मागे चुण्या पाडून टांगलेलं निळं कापड. तीन तासांचं काम. मी दोन तासांत संपवून वर तासभर फिनिशिंग केलं. तांब्यावरची चकाकी अशी चढवली की शेजारची मुलगी म्हणाली, "हात लावून बघावंसं वाटतंय गं." सर एकेक बोर्ड बघत आले, माझ्यामागे थांबले.

"तुझ्या तांब्यावर उजेड कुठनं आलाय?"

"डावीकडून, सर."

"आणि खिडकी कुठाय?"

खिडकी उजवीकडे होती. चांगली पुरुषभर उंचीची, उघडी. माझ्या उजव्या गालावर त्या उजेडाची ऊब तीन तास होती. पण कॅलेंडरवरच्या चित्रांत उजेड डावीकडून वरून येतो, म्हणून माझ्याही चित्रात तो तिथूनच आला होता. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"फिनिशिंग झकास आहे," ते म्हणाले. "पण ह्या खोलीत बसून तू दुसऱ्याच खोलीतला तांब्या रंगवलायस."

त्या दिवशी मी मेसमध्ये जेवले नाही. अपमान झाला म्हणून नव्हे. तीन तास शेजारी असलेली खिडकी मला दिसली नव्हती, आणि आपल्याला दिसत नाही ही गोष्ट मला अठराव्या वर्षी कळत होती.

सरांचा उतारा साधा होता. रोज पंचवीस स्केचेस. वर्गाबाहेर, हलत्या माणसांची. पेन्सिल नाही, बॉलपेन; खोडरबर खोलीवर ठेवायचा. कागद कसलाही चालेल. हे शेवटचं वाक्य ऐकून मला हसू आलं. वर्गातली पोरं कार्ट्रिज कागदाचे भाव मोजत होती, आणि त्या एकाच बाबतीत मी सगळ्यांत श्रीमंत होते. पुढच्या सुट्टीत घरून पाठकोऱ्यांचा गठ्ठाच उचलून आणला.

बॉलपेनला छटा द्यायची नसते, त्यामुळे आकडेही वर येत नव्हते. पण माणसंही येत नव्हती. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, मी पहिल्या दिवशी दोन तास बसले आणि पंचवीस अर्धवट माणसं घेऊन परतले. एकाला पाय नाहीत, एकीला नुसता पदर. डोकं काढून होईस्तोवर माणूस गाडीत चढलेला. मग ओळखीची पाठमोरी बाई मदतीला धावून यायची. हात आपसूक तिच्याकडे वळायचा. सर एका नजरेत ओळखत. "ही बाई कालपण आलती की. हिची गाडी लागत नाही व्हय अजून?"

लक्ष्मीपुरीच्या बाजारात एका भाजीवालीला काढत होते. ती म्हणाली, "पोरी, माझं चित्तर मागनं काढ. आदी पुढनं बाजूला हो, गिऱ्हाईक थांबलंय." तेव्हा मला कळलं की मी तिच्याकडे बघत होते, पण तिच्यासमोर उभ्या गिऱ्हाइकाकडे नाही, तिच्या मांडीखालच्या पोत्याकडे नाही, तागडी धरलेल्या हाताच्या ताणाकडे नाही. सर सांगायचे, माणूस काढू नको, फट काढ. कमरेवर ठेवलेला हात आणि कंबर यांच्यामध्ये जो हवेचा तुकडा असतो, त्याचा आकार बरोबर आला की हात आपोआप बरोबर येतो. हातांची चित्रं आपल्याला पाठ असतात, फटीचं चित्र कुणाला पाठ नसतं. म्हणून ती बघावीच लागते.

तसंच डोळ्यांचं. माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजून बघावं. शिकाऊ हात ते हमखास वर, कपाळात नेऊन बसवतो. चेहऱ्यात आपल्याला डोळे, नाक, ओठ महत्त्वाचे वाटतात. कपाळ आणि टाळू म्हणजे रिकामी जागा. रिकाम्या जागेला आपण जागाच देत नाही. मी किती लक्ष्म्यांना आणि किती राजांना अशी अर्धी टाळू देऊन बसवलं होतं, देव जाणे.

दुसऱ्या वर्षी जलरंग अंगावर आले. पोस्टर कलरमध्ये चुकलं की वरून थर देता येतो, पांढरा तर हाताशी असतोच. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद. उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. ब्रश टेकवण्याआधीच ठरवावं लागतं की कुठे टेकवायचा नाही. शिवाय ओला असताना जो रंग बरोबर वाटतो, तो वाळल्यावर फिकटतो. म्हणजे आत्ता दिसतंय त्यापेक्षा थोडं पुढचं बघून रंग घ्यायचा. रंकाळ्यावर पहाटे सहाला बसलं की पाण्यावर धुकं असायचं. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून जो करडा होतो, तो काळ्यातून केलेल्या करड्यापेक्षा किती जिवंत असतो हे मी तिथे शिकले. आणि धुकं काढायला गेलं की चिखल होतो, हेही तिथेच शिकले. चिखलाचे दिवस जास्त होते.

रंकाळ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी आबालाल रहिमान उभे असतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून परतलेले, शाहू महाराजांच्या पदरी असलेले, आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांच्या काठांनी आयुष्य घालवलेले आबालाल. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा काचेला नाक लावून उभी होते. पाणी कुठे रंगवलंय ते सापडेना. झाडं होती, काठ होता, आणि त्यामध्ये जे उरलं होतं ते पाणी होतं. १९२२ साली महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. ती गोष्ट ऐकून मी भारावले. आणि त्या भारावण्यातून एक मूर्खपणा केला.

त्या वर्षीच्या प्रदर्शनात माझं एकही काम लागलं नाही. सुट्टीत घरी आले ती जळफळत. माळ्यावर माझी शाळेपासूनची सगळी चित्रं आईनं जपून ठेवली होती: बक्षिसाची, फ्रेम केलेली, पाहुण्यांना दाखवायची. एका सकाळी मी ती खाली काढली आणि एकेक करून पाण्याच्या बंबात घातली. आई ओरडत होती. मला वाटत होतं, मी कोटितीर्थाच्या काठावर उभी आहे. प्रत्यक्षात त्या चित्रांनी दोन माणसांच्या अंघोळीचं पाणी तापलं.

बॉलपेनचे पाठकोरे मात्र वाचले. ते जाळावेत असंही मला वाटलं नाही, कारण ती माझ्या लेखी चित्रंच नव्हती. तो गृहपाठ होता. सुतळीत बांधलेला, पलंगाखाली सरकवलेला.

त्याच हिवाळ्यात एका रात्री मी अण्णांचा डबा घेऊन कारखान्यावर गेले. हंगाम ऐन भरात. वजनकाट्यापुढे ट्रॅक्टर, बैलगाड्या, मळीचा गोडसर आंबूस वास, शेकोट्यांभोवती घोंगडी पांघरलेले गाडीवान. मी कोपऱ्यात बसून काढत होते आणि अण्णांचं काम पहिल्यांदाच नीट बघत होते. त्यांना मी आजवर घरातच पाहिलं होतं. इथे ते वेगळेच होते. ताठ, कमी बोलणारे, समोरच्या आकड्यावर डोळा रोवलेले. एक गाडी आली: भरलेलं वजन चोवीस टन तीनशे पन्नास किलो. ती आत जाऊन ऊस खाली करून परत काट्यावर आली: सात टन दोनशे. अण्णांनी मशीनवरच्या नोंदीवर विश्वास न ठेवता, सवयीनं पेन्सिलीनं वजाबाकी करून पाहिली. सतरा टन दीडशे.

"हरेक गाडी दोनदा जोखता?"

"मग? पैसे उसाचे द्यायचेत. गाडीचं वजन वजा नको करायला?"

मी गप्प बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "अण्णा, माझ्या चित्रांत गाडीच जास्त आहे."

त्यांना काय कळलं कोण जाणे. पावती फाडता फाडता म्हणाले, "असू दे की. गाडीबिगर ऊस काट्यावर येतोय व्हय?"

प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' मी पुढे तिसऱ्या वर्षात वाचलं. ज्या घरात कोरा कागद नव्हता तिथल्या मुलीनं ते नाव बघूनच ग्रंथालयातून उचललं होतं. चित्र म्हणजे काय, याचा एका चित्रकारानं मराठीत इतका शांतपणे विचार केलेला पाहून मी दिपले. पण खरं सांगायचं तर, चित्रकलेविषयीचं जे वाक्य मी आजवर सगळ्यांत जास्त वेळा उलटसुलट केलं, ते वजनकाट्यावरच्या कारकुनाचं आहे.

या गोष्टींना आता बरीच वर्षं झाली. मी चित्रं काढते, आठवड्यातले चार दिवस शिकवते. गेल्या दिवाळीत घराला रंग द्यायचा म्हणून पलंग हलवला आणि तो गठ्ठा निघाला. सुतळी कुजली होती. मी फरशीवर सगळे कागद वर्षवार मांडत बसले. मनात हिशेब होता: पहिल्या वर्षाचे डावीकडे, चौथ्याचे उजवीकडे, म्हणजे मधल्या चार हात फरशीवर माझी प्रगती अंथरलेली दिसेल.

तशी ती दिसली नाही. पहिल्या वर्षाचे बरेचसे कागद भयंकर होते, हे खरं. दुसऱ्यात माणसांना पाय फुटले होते, ती जमिनीवर उभी राहायला लागली होती. तिसऱ्यात रेषा सैल, वेगवान, बघणाऱ्याला आवडेल अशी. आणि तिथेच मी अडखळले. तिसऱ्या वर्षाची पन्नासेक पानं उलटल्यावर मला ओळखीचं कुणीतरी भेटायला लागलं. कोपर वळवायची तीच लकब, धोतराच्या सोग्याचा तोच एक झटका, मान वळलेली दाखवायची तीच युक्ती. पाठमोरी बाई परत आली होती. या वेळी तिला घागर नव्हती, एवढंच. रोजच्या पंचवीस स्केचेसनी माझं जुनं पाठांतर मोडलं होतं आणि त्याच पंचवीस स्केचेसनी नवं पाठांतर दिलं होतं. मला तेव्हा वाटायचं, गाडी एकदा रिकामी जोखली की झालं. ती प्रत्येक खेपेला जोखावी लागते. कालपर्यंत जो ऊस होता, त्याचीच आज गाडी झालेली असते.

आणि पहिल्या वर्षाच्या त्या भयंकर ढिगात एक कागद होता. सीबीएसवर बाकाखाली झोपलेला हमाल. सात-आठ रेषा. डोकं जरा मोठं झालंय, एक हात कुठे जातो ते कळत नाही. पण झोपेचं जडपण त्यात आहे. हा माणूस दिवसभर ओझी वाहून पडलाय, हे त्या खांद्याच्या एका रेषेत आहे. ती रेषा मी कशी काढली हे मला आठवत नाही. बहुधा तो जागा होईल या धास्तीनं काढली असावी. दुसऱ्या दिवशी वहीत मी तीच रेषा काढून पाहिली, पाच वेळा. पाचही वेळा हमाल छान झोपला, पण थकलेला दिसला नाही. शिकण्यानं मला बरंच दिलं. त्या बदल्यात काय काय घेतलं, त्याची यादी माझ्याकडे नव्हती. ती पहिल्यांदा हातात आली. मी विद्यार्थ्यांना आता सांगते की जुनं काम जाळू नका. कारण सांगत नाही.

अण्णा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. निवृत्त होऊन त्यांनाही आता काही वर्षं झाली. मला वाटलं, चित्रं बघतील. एखादा हमाल, एखादी भाजीवाली बघून हसतील. त्यांनी हमालाचा कागद उचलला, क्षणभर पाहिला, आणि उलटा केला. हिरव्या पट्ट्यांवरच्या फिकट ठिपक्यांवरून त्यांचं बोट सरकायला लागलं.

"हा बघ," ते म्हणाले. "ह्याचा ऊस त्या साली वाळला होता. तोड उशिरा मिळाली. वजन बघ किती खाली आलंय." मग दुसरा कागद. "हा गाडीवान बिचारा. काट्यावरच बैल बसला त्याचा. रात्रीचे दोन वाजले होते." तिसरा. "ही नोंद माझी चुकलीय. तेव्हा सापडली नाही." आणि त्या वीस वर्षांपूर्वीच्या चुकीकडे ते बराच वेळ, अगदी मनापासून बघत राहिले. सरांनी माझ्या तांब्याकडे पाहिलं होतं तसे.

मी लहानपणापासून जिला नुसती कागदाची पाठ समजत आले, ती त्यांच्या कामाची पाठ होती. छापलेली बाजू हे त्यांचं काम. चाळीस हंगाम रात्रपाळ्या करून भरलेलं. माझ्या लक्ष्मीच्या गालावर उमटायचा तो कुणाचा तरी सतरा टन ऊस त्यांनी जोखलेला होता, आणि मी खोडरबर घेऊन त्याच्यामागे लागले होते.

अण्णा एकेक कागद वाचून शेजारी ठेवत गेले, आकड्यांची बाजू वर. संध्याकाळपर्यंत गठ्ठा पुन्हा लागला. मी नवी सुतळी आणली आणि तो तसाच बांधला. उलटा केला नाही.